शिकाऱ्यांनी शिकवलेला कायोटी

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहराच्या दक्षिणेला ओवायही नावाचा परगणा आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी तिथल्या माळावर आम्ही दोघं सेजब्रशच्या एका झुडपाला पाठ लावून बसलो होतो. बर्फाचा पातळ थर पसरलेला, उजाडून अर्धा तास झालेला, आणि थंडी अशी की श्वास मिशांवर गोठत होता. शेजारी माझ्या भाच्याच्या ऑफिसातला एक सहकारी होता. पन्नाशी ओलांडलेला, याच मुलखात वाढलेला. रायफल गुडघ्यावर टेकवून तो दगडासारखा बसला होता. चाळीस पावलांवर ठेवलेल्या एका छोट्या स्पीकरमधून सशाची किंकाळी येत होती. ससा एरवी मुकाच प्राणी, पण कुणाच्या तोंडात सापडला की तान्ह्या पोरासारखा ओरडतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकताना माझ्या पोटात कालवलं. पस्तीस मिनिटं तो ससा मरत राहिला. आलं कुणीच नाही.

उठून गाडीकडे निघालो. दीडशे पावलं चाललो असू, तोच तो थांबला आणि खाली बोट दाखवलं. येताना बर्फात उमटलेल्या आमच्याच बुटांच्या ठशांवर दुसरे ठसे होते. चार बोटं, पुढे नखांचे टोकदार खळगे, कुत्र्याच्या पंजापेक्षा लांबट आणि आवळलेले. थोडं बाजूला एका झुडपाच्या मागे बर्फ दबून गुळगुळीत झाला होता. तिथे कायोटी बसला होता. आमच्या पाठीमागे, वारा आमच्यावरून ज्या दिशेला जात होता नेमका तिकडे. तिथून ठसे उलटे फिरले होते आणि सरळ, न पळता, डोंगराकडे गेले होते.

"आला, वास घेतला, निघून गेला," तो म्हणाला. "हा ससा त्याला पाठ आहे."

त्या एका वाक्यात या शिकारीचं सगळं मर्म आहे. कुणीही यावं आणि शिकार करावी अशा खुल्या सरकारी माळावर जो कायोटी जिवंत उरतो, त्याला आधी येऊन गेलेल्या प्रत्येक शिकाऱ्याने काही ना काही शिकवलेलं असतं. त्याला गाठायचं तर प्राण्याच्या सवयी माहीत असून भागत नाही. आधी माणसांच्या सवयी वाचाव्या लागतात, कारण कायोटीने त्या केव्हाच वाचलेल्या असतात.

कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला कुत्र्याच्या कुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा लहान. पश्चिमेकडचा नर साधारण दहा ते सोळा किलोंचा असतो, पूर्वेकडचे याहून भारी. अंगाचा रंग वाळल्या गवतासारखा, तोंड निमुळतं, कान मोठे, पळताना शेपूट खाली. नाव मूळचं मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं, 'कोयोत्ल'. शहरातला अमेरिकन 'कायोटी' म्हणतो, पश्चिमेकडचा गुरं राखणारा माणूस बहुधा नुसतं 'कायोट'. १८२३ साली थॉमस से या निसर्गतज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थच 'भुंकणारा कुत्रा'. संध्याकाळी दोन कायोटी ओरडू लागले की आठ-दहांची टोळी आल्यासारखं वाटतं, इतके सूर ते भराभर बदलतात. आपल्याकडे कोल्हेकुई ऐकलेल्या माणसाला हे पटकन ओळखीचं वाटेल.

खाण्याच्या बाबतीत तो कुठेच अडून बसत नाही. उंदीर, ससे, हरणाची पाडसं, मेलेली गुरं, टोळ, कलिंगडं, जुनिपरची फळं, सगळं चालतं. म्हणून तो अलास्कापासून पनामापर्यंत आहे आणि हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. शिकागो शहराच्या परिसरात २००० सालापासून संशोधक त्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून अभ्यास करताहेत. लाखो माणसांच्या वस्तीत, रेल्वेरुळांच्या कडेने आणि कब्रस्तानांतून हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे आणि बहुतेक लोकांच्या नजरेलाही पडत नाही. नवी मुंबईत खारफुटीच्या कडेने वावरणारे कोल्हे ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

आता जमिनीविषयी, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या एकूण जमिनीच्या चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक. त्यातली सुमारे २४.५ कोटी एकर एकट्या 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याच्या ताब्यात आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील एवढी. ही बहुतेक सगळी पश्चिमेत. नेवाडा राज्याचा जवळजवळ ८० टक्के भाग केंद्राचा, आयडाहोचा ६० टक्क्यांच्या वर. या जमिनीवर गुरं चरतात, खाणी चालतात, लोक तंबू ठोकतात आणि परवाना काढून शिकारही करतात. जमीनदाराची परवानगी लागत नाही, फी नाही, फाटकावर कुणी विचारत नाही. आपल्या गायरानाशी तुलना करायचा मोह होतो, पण गायरान गावाचं असतं. इथे हजार मैलांवरून आलेल्या माणसाचा हक्क शेजारच्या गुराख्याइतकाच असतो. मला या कल्पनेबद्दल मनापासून आदर वाटतो. शिकार ही राजेरजवाड्यांची मिरास न राहता पगारदार माणसालाही करता यावी, हा विचार त्यामागे आहे.

पण सगळ्यांची जमीन म्हटली की सगळे येतात. त्यात कायोटीला बहुतेक राज्यांत बंदीचा हंगाम नाही आणि किती मारावेत याला मर्यादाही नाही. हरणाच्या शिकारीची चिठ्ठी पुष्कळदा लॉटरीत निघावी लागते, कायोटीला तसलं काही नाही. हरणाचा हंगाम संपला की बंदूक घरात ठेवून कंटाळलेला माणूस जानेवारी-फेब्रुवारीत कायोटीकडे वळतो. युटा राज्य तर २०१२ पासून हरणांची पाडसं वाचावीत म्हणून प्रत्येक कायोटीमागे ५० डॉलर देतं. शहरापासून तासाभरावरचा, डांबरी रस्त्याला लागून असलेला माळ म्हणजे मग शनिवार-रविवारची जत्राच. ओवायहीत आम्ही गाडी लावली तिथे बर्फाखालून लाल-निळ्या प्लास्टिकची रिकामी काडतुसं डोकावत होती. माझ्या सोबत्याने ती सगळी वेचून खिशात टाकली. एकही त्याची नव्हती.

अशा जागी कायोटी काय शिकतो, हे हळूहळू उलगडतं. पिल्लं एप्रिल-मे महिन्यात जन्मतात, एका वेळेला साधारण पाच-सहा. शरद ऋतूत ती आईबापांपासून दूर होऊ लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात हा नवखा पोर सशाचा आवाज ऐकला की धावतच येतो. नवशिका शिकारी तेव्हा दिवसाला तीन-चार मारतो आणि आपल्याला विद्या आली असं समजतो. मग गोळ्या चुकतात, एखाद्याचा भाऊ शेजारी कोसळतो, एखाद्याला सशाऐवजी झुडपाआड माणूस दिसतो. अन्नाच्या आवाजाशी भीतीची गाठ एकदा पडली की सुटत नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत नवखे गेलेले असतात आणि उरतात ते शिकलेले. शिकारी लोक त्यांना खरोखरच 'शिकलेला कायोटी' म्हणतात.

यातला एक धडा विज्ञानानेही मोजलेला आहे. दक्षिणपूर्व कोलोरॅडोत पिन्यॉन कॅन्यन नावाचं लष्करी सरावाचं मोठं मैदान आहे. तिथे पूर्वी कायोटी मारले जात. लष्कराने जमीन घेतल्यावर ते थांबलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कायोटींच्या जुन्या आणि नव्या हालचालींची तुलना केली, तेव्हा दिसलं की छळ थांबल्यावर काही वर्षांत ते पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात दिवसा वावरू लागले. म्हणजे ज्याला आपण निशाचर स्वभाव समजतो, त्यातला मोठा वाटा आपल्या भीतीने आलेला असतो. २०१८ साली जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यातही हेच दिसलं: माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात. दिवसा माणूस, रात्री आम्ही, अशी पाळी ते लावून घेतात.

माणसाला पाळ्या लावण्याइतकं ओळखणं कायोटीला कसं जमतं? कारण माणूस फार ठरावीक वागतो. शनिवारी येतो. फाट्यावर, जिथे आधीच दहा गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, तिथेच गाडी लावतो. दार धाडकन लावतो. रस्त्यापासून पाच-सातशे पावलं चालला की त्याला पुरे वाटतं. समोर उंचवटा दिसला की त्याच्या माथ्यावर चढून आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. मग सशाचा आवाज लावतो, तोही कर्णा फुटेल इतका मोठा. पंधरा मिनिटं थांबतो, काही आलं नाही की उभा राहून हातपाय झटकतो आणि पुढच्या फाट्याला जातो. हंगामभर, दर आठवड्याला. कायोटीच्या जागी कोंबडं असतं तरी शिकलं असतं.

मुरलेला शिकारी यातली एकेक गोष्ट उलटी करतो. तो बुधवारी-गुरुवारी येतो, किंवा बर्फाचं वादळ यायच्या आदल्या दुपारी, जेव्हा बाकीचे घरी थांबतात आणि कायोटी पोट भरून घेण्याच्या गडबडीत असतो. गाडी खोलगटात लपवतो, दार हाताने दाबून मिटतो, कुजबुजतही नाही. पहाटेच्या शांततेत दाराचा आवाज मैलभर जातो. मग चालतो. मैल, दीड मैल, दोन मैल. इथे नकाशा कामाचा. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये जमिनीची मालकी रंगांत दाखवणारं ॲप असतं. त्यात लोक मोठमोठे सरकारी पट्टे शोधतात आणि सगळे तिथेच जातात. माझा सोबती उलट लहान तुकडे शोधतो. दोन शेतांच्या मधे अडकलेले सरकारी चाळीस-ऐंशी एकर, ज्यांच्याकडे गाडीतून जाताना कुणी मान वळवूनही बघत नाही. कधी कधी सगळ्यात कमी डिवचलेला कायोटी सगळ्यात लांब नसतो. तो लोकांनी ओलांडून गेलेल्या जागेत असतो.

नकाशाचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८६२ नंतर रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एक आड एक चौरस मैल जमीन इनाम दिली गेली. त्यामुळे पश्चिमेत लाखो एकर जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. काळं घर सरकारी, पांढरं खासगी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यांत टेकतात. वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी असा कोपरा खासगी मातीला पाय न लावता ओलांडला, शिडी वापरून, आणि मालकाने त्यांना कोर्टात खेचलं. २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ते एल्क जातीच्या हरणाच्या मागे होते, कायोटीच्या नव्हे, पण असे कोपरे खुले झाले की गर्दी पांगायला जागा मिळते.

वाऱ्याविषयी मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आमची सकाळ वाऱ्यानेच घालवली. कायोटी डोळ्यांवर आणि कानांवर विश्वास ठेवतो तो तात्पुरता. शेवटचा निर्णय नाकाचा. आवाज ऐकला की तो थेट येत नाही. लांबून वळसा घालतो आणि आवाजाच्या खालच्या वाऱ्याला पोचतो, म्हणजे आवाजाच्या जागेवरून आलेला वारा त्याच्या तोंडावर येईल अशा ठिकाणी. तिथे सशाचा वास आला तर पुढे, माणसाचा आला तर मागे. अंगाला वास झाकायचं औषध फासणारे शिकारी आहेत. माझ्या सोबत्याच्या मते ती समजूत आहे, आणि मला त्याचं पटतं. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसायचं नाही, वारा एका बाजूने आडवा घ्यायचा. आवाजाचं यंत्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवायचं आणि बंदूक घेऊन आपण अशा जागी बसायचं, की कायोटी वास पकडायला जिथे वळसा घालून येईल तो मोकळा पट्टा आपल्या टप्प्यात राहील. नजर आवाजाकडे नाही, वास जिथे वाहतो तिकडे.

आणि वारा एका जागी थांबत नाही. पहाटे डोंगरउतारावरची हवा थंड आणि जड असते, ती ओढ्यासारखी खाली घळीत उतरते. ऊन चढलं की तापलेली हवा वर चढू लागते. मधे एक अशी वेळ येते, की हवा घोटाळते आणि चारी बाजूंना फिरते. आमची बैठक नेमकी त्या वेळेत सापडली. बसलो तेव्हा हवा गालावर डावीकडून लागत होती, वीस मिनिटांनी ती समोरून तोंडावर आली. मला कळलंही नाही. सोबत्याला कळलं होतं, पण तेव्हा हललो असतो तर दिसलो असतो.

रंगाची काळजी मात्र लोक उगीच करतात. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना निळा आणि पिवळा बरा दिसतो, लाल-नारिंगी मळकट दिसतो. दुसऱ्या शिकाऱ्यांनी आपल्याला ओळखावं म्हणून घातलेलं नारिंगी जाकीट कायोटीला भडक वाटत नाही. हलणारा हात मात्र त्याला पाव मैलावरून कळतो. गर्दीच्या जमिनीवर नारिंगी जाकीट घालावंच. कारण सशाचा आवाज ऐकून कायोटीच येईल असं नाही, दुसरा बंदूकवालाही तिकडे रोखून बघत असू शकतो.

आवाजाचा इतिहास मोठा लोभस आहे. प्राण्याचा आवाज काढून प्राणी बोलावणं ही जुनी विद्या. आपल्याकडचे फासेपारधी तित्तराची हाक हुबेहूब काढून तित्तर जवळ आणत. टेक्सासमध्ये मरी आणि विन्स्टन बर्नहॅम या भावांनी वडिलांकडून तोंडाने सशाचा आवाज काढायला शिकून घेतलं आणि १९५० च्या दशकात लाकडी शिट्ट्या बनवून टपालाने विकायला सुरुवात केली. पुढे खऱ्या आवाजांच्या तबकड्या आल्या, मग कॅसेट, आणि आता रिमोटवर चालणारं यंत्र, ज्यात शेकडो आवाज असतात. सोय फार झाली, पण त्यातच अडचण लपली आहे. एकाच सशाची तीच ध्वनिफीत हजारो यंत्रांत भरली गेली आहे. तोच ससा, त्याच चढउतारांनी, तोच श्वास घेऊन एका हंगामात एकाच माळावर पन्नास वेळा मरतो. ज्या प्राण्याला शेजारच्या जोडप्याचं ओरडणं दुसऱ्या कायोटींपासून वेगळं ओळखता येतं, त्याला हे कळणार नाही असं मानणं चूक आहे.

म्हणून जाणते लोक पुन्हा तोंडाच्या शिट्टीकडे वळलेत. तोंडाचा आवाज दोनदा सारखा निघत नाही. आवाज अगदी बारीक ठेवतात, उंदराची चूंचूं, सुतारपक्ष्याची ओरड. दोन-तीन मिनिटं आवाज आणि मग लांबलचक शांतता. बैठक पाऊण तासाची, कधी जास्त. शिकलेला कायोटी येतो, पण सावकाश येतो आणि तोंड उघडत नाही. जानेवारीच्या अखेरीपासून जोड्या जमण्याचा काळ. तेव्हा खाण्याचं आमिष सोडून कायोटीचीच हाक देतात. एक साधी, एकट्या प्राण्याची लांब हाक. हद्दीत परका कोण शिरला हे बघायला घरधनी जोडपं येतं. कायोटीच्या आवाजांचे निरनिराळे अर्थ आहेत. १९७८ साली फिलिप लेनर या संशोधकाने त्यांचे ११ प्रकार वर्णन केले. आव्हानाचा सूर नको तिथे काढला तर तरणा कायोटी भिऊन पळतो. भाषा येत नसेल तर दारावर थाप मारून भलतंच बोलू नये, तसं हे.

एवढं सगळं करून माणसाने कायोटी संपवला का? नाही, आणि तो इतिहास अस्वस्थ करणारा आहे. १९३१ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने भक्षक प्राणी मारण्याचं रीतसर खातंच चालवायला घेतलं. मेंढ्या वाचवायच्या म्हणून माळांवर स्ट्रिक्निन, थॅलियम आणि '१०८०' नावाचं विष मांसात घालून पेरलं. लांडगा बहुतेक सगळीकडून गेला. कायोटी मात्र रिकाम्या झालेल्या मुलखात पसरला. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर हे विष बंद केलं. योगायोग असा, की त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आपल्याकडच्या शिकारीला लगाम बसला. विष थांबलं तरी सरकारी खातं आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, शिकारी मारतात ते वेगळेच. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट या दोघांनी संगणकावर हिशेब मांडला. त्यात निघालं, की दरवर्षी चारांतले तीन कायोटी मारत राहिलं, तरी त्यांना नामशेष करायला पन्नास वर्षांहून अधिक लागतील.

कारण उघड आहे. प्रत्येक हद्दीत एक जोडपं पिल्लं घालतं, त्यांच्यातली तरणी पोरं थांबून राहतात. जोडप्यातलं एक मेलं की भटका कायोटी येऊन जागा भरतो, थांबलेली मादी विते, तोंडं कमी झाल्यामुळे उरलेल्या पिल्लांना पोटभर मिळतं आणि अधिक जगतात. एका कळपाशी मेंढ्या खाणारा ठरावीक कायोटी मारला तर त्या मेंढपाळाचा फायदा होतो, हे मी मान्य करतो. पण शनिवारी माळावर दोन कायोटी मारून आपण निसर्गाचा तोल राखला असं कुणी म्हणू लागलं, तर ते खरं नाही. माझा सोबतीही तसं म्हणत नाही. कातडं नीट काढून विकतो, भाव पडलाय तरी. जाकिटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावणाऱ्या एका प्रसिद्ध कॅनडियन कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केल्यापासून बाजारात उठाव राहिलेला नाही.

ठरावीक वेळेत जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस, अशा स्पर्धा भरवतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. ट्रकमागून ढीग ओतायचे, वजन करायचं, फोटो काढायचे आणि ढीग फेकून द्यायचे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये त्यांवर बंदी आणली, नंतर न्यू मेक्सिकोसह अनेक राज्यांनी आणली. आयडाहोत त्या होतात. घाईत गोळी घालणाऱ्याकडून ओळखीचीही चूक होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व किनाऱ्यावर लाल लांडग्याचे जगातले शेवटचे रानटी कळप आहेत. कायोटी समजून ते मारले जात होते, म्हणून २०१४ मध्ये न्यायालयाने तिथल्या पाच परगण्यांत कायोटीची शिकार थांबवली.

त्या शनिवारी दुपारी माझा सोबती मला दुसरीकडे घेऊन गेला. रस्त्यापासून पावणेदोन मैल चालून आम्ही दोन टेकड्यांमधल्या एका अरुंद खिंडीपाशी बसलो, उन्हाकडे पाठ करून, वारा उजव्या गालावर घेऊन. यंत्र त्याने बॅगेतच ठेवलं. शिट्टीही काढली नाही.

"बोलवायचं नाही?" मी विचारलं.

"आज शनिवार आहे," तो म्हणाला. "लोक येतील."

तेव्हा मला लख्खकन कळलं. आपल्याकडच्या जुन्या शिकारीत हाका असायचा. हाकेकरी एका बाजूने डबे बडवत रान उठवायचे आणि शिकारी पलीकडे निघण्याच्या वाटेवर दबा धरून बसायचा. इथे हाकेकऱ्यांना रोजही द्यावा लागत नव्हता. एक वाजायच्या सुमारास उत्तरेकडून इंजिनांचा आवाज आला. दोन गाड्या थांबल्या. चार दारं एकामागून एक आपटली. थोड्या वेळाने, अगदी पुसट, वाऱ्यावर तरंगत सशाची किंकाळी आली. सकाळी आमच्या स्पीकरमधून आली होती तीच. तोच चढ, तोच मधला अडखळलेला श्वास.

आठ-नऊ मिनिटं गेली असतील. खिंडीत सेजब्रशच्या मधून एक वाळक्या रंगाची आकृती सरकत आली. पळत नव्हती. दहा पावलं चालायची, थांबून मान वळवून सशाच्या दिशेला कान करायची आणि पुन्हा विरुद्ध दिशेला चालू लागायची. कान इतके मोठे, की उन्हात त्यांच्या कडा तांबूस दिसत होत्या. ऐंशी यार्डांवर ती आली. मागे टेकडीचा मातकट उतार होता, म्हणजे गोळी पलीकडे कुठे जाणार नव्हती. सोबत्याने ओठांनी हलकेच चुचकारलं. ती थांबली. एकच आवाज झाला.

मी बंदूक कधी उचललेली नाही आणि उचलणार नाही. जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा घसा दाटून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. मादी होती. सुळे झिजून बोथट झालेले, एका कानाला जुनी चीर. त्याने आधी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच बसला, मग गाडीपाशी आणून कातडं सोलायला घेतलं. मागच्या डाव्या मांडीवर सुरी अडली. त्याने कातडं उलटं करून मला दाखवलं. चामड्याच्या आत, पातळ पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेले, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तीन काळपट छर्रे होते. जखम कधीचीच भरली होती. त्याने नखाने एकेक सोडवून माझ्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा खाली वाकून सुरी चालवू लागला. उत्तरेला तो ससा अजून ओरडत होता.